एंडोमेट्रिओसिस : रक्त सगळ्यांचंच उलटं वाहतं, मग रुजतं काहींमध्येच का?

बीजांडकोशावरची गाठ कापताना आतून दाट, तपकिरी, काकवीसारखा द्रव आला की डॉक्टर तिला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. तो द्रव म्हणजे जुनं, साचत गेलेलं रक्त. एंडोमेट्रिओसिस या आजारात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी तिथं येऊन बसलेल्या असतात. पाळीच्या वेळी त्यांच्यातूनही रक्त येतं, फक्त त्याला बाहेर पडायला वाट नसते.

अशा पेशी भलत्याच ठिकाणी सापडल्याची नोंद व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८६० मध्येच केली होती. पण अमेरिकेतल्या ऑल्बनीचे स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२१ पासून चॉकलेट सिस्टवर लिहायला घेतलं, तेव्हा कुठे या विषयाला आकार आला. ‘एंडोमेट्रिओसिस’ हे नावही त्यांनीच रूढ केलं. पाळी चालू असलेल्या बायकांवर शस्त्रक्रिया करताना गर्भनलिकांच्या टोकांतून रक्त पोटात उतरताना त्यांनी पाहिलं होतं. त्यावरून १९२७ मध्ये त्यांनी मांडलं, की पाळीचं थोडं रक्त नलिकांमधून मागे वळतं, त्याबरोबर अस्तराच्या जिवंत पेशी जातात आणि पोटाच्या आतल्या आवरणावर रुजतात.

हे सगळ्यांना पटलं नाही. त्या आवरणाच्या पेशीच जागच्या जागी रूप पालटत असतील, असं जर्मनीच्या रॉबर्ट मायर यांचं मत होतं. टाकून दिलेल्या पेशी जिवंत कशा असतील, हा आक्षेप त्या काळी जोरदार होता. १९५० च्या दशकात माकडिणींवरच्या प्रयोगांनी त्याला उत्तर दिलं. गर्भाशयाचं तोंड पोटाच्या पोकळीत वळवून पाळीचं रक्त आतच सोडलं, तेव्हा त्यांतल्या काहींना खरोखर हा आजार झाला.

पण १९८४ मध्ये एक गोची झाली. ज्यांच्या नलिका मोकळ्या आहेत अशा बायकांच्या पोटातला द्रव पाळीच्या दिवसांत तपासला, तर ९० टक्के जणींच्या द्रवात रक्त निघालं. म्हणजे रक्त मागे वळणं ही जवळजवळ सगळ्यांचीच गोष्ट. आजार मात्र प्रजननक्षम वयातल्या साधारण दहातल्या एकीला. पेशी पोटात पोहोचतात कशा, हे कळून भागणार नव्हतं. त्या तिथं जगतात कशावर, हे शोधायला हवं होतं.

इथं हार्मोन्स येतात, आणि गंमत म्हणजे ती उपचारांच्या मागच्या दाराने आली. पाळी सुरू होण्याआधी हा आजार सहसा दिसत नाही आणि पाळी कायमची गेली की बहुधा ओसरतो, एवढं डॉक्टरांना दिसतच होतं. गरोदरपणात त्रास कमी होतो असं वाटल्याने ‘लवकर मूल होऊ द्या’ हा सल्ला औषधासारखा दिला गेला. माझ्या मते या आजाराच्या इतिहासातलं हे सर्वांत चिवट आणि सर्वांत पोकळ प्रिस्क्रिप्शन. १९५० च्या दशकाच्या शेवटी रॉबर्ट किस्टनर यांनी तेच गोळ्यांनी साधायचा प्रयत्न केला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखी औषधं सलग देऊन पाळी थांबवायची, म्हणजे खोटं गरोदरपण. १९७० च्या दशकात डॅनाझॉल हे औषध आलं. त्याने दुखणं कमी व्हायचं, पण काहींना चेहऱ्यावर केस आणि मुरुमं यायची.

पुढची कलाटणी माकडांच्या मेंदूकडून मिळाली. मेंदूतून सुटणारं जीएनआरएच हे हार्मोन तासातासाने ठोक्यांसारखं दिलं, की बीजांडकोशांना चालवणारी पिट्युटरी ग्रंथी नीट काम करते. तेच सतत सोडत राहिलं, की ती गप्प बसते, असं १९७८ मध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने दाखवलं. ग्रंथी गप्प म्हणजे बीजांडकोशही गप्प, आणि या पेशींना पोसणारं इस्ट्रोजेन थेट रजोनिवृत्तीच्या पातळीवर. याच तत्त्वावरची औषधं रुग्णांना दिली, तेव्हा दुखणं थांबलं, पण घाम, वाफा आणि हाडांची झीज सुरू झाली. यातूनच १९९२ मध्ये रॉबर्ट बार्बिएरी यांचा ‘उंबरठ्या’चा विचार आला : हाडांना पुरेल आणि गाठींना पुरणार नाही, अशा मधल्या पातळीवर इस्ट्रोजेन ठेवायचं.

तरी काही जणींच्या गाठी बधत नव्हत्या. त्याचं एक कारण १९९० च्या दशकात सर्दार बुलुन यांच्या गटाला सापडलं. भलत्या जागी रुजलेल्या या पेशींमध्ये अरोमाटेज हे एन्झाइम असतं, जे निरोगी अस्तरात जवळपास नसतं. त्याच्या जोरावर या पेशी स्वतःपुरतं इस्ट्रोजेन घरीच बनवतात. ते इस्ट्रोजेन प्रोस्टाग्लँडिन वाढवतं; प्रोस्टाग्लँडिन म्हणजे दाह आणि कळा. आणि प्रोस्टाग्लँडिन पुन्हा अरोमाटेजला चालना देतं. बीजांडकोशाचा नळ बंद केला तरी गाठीची स्वतःची विहीर चालूच. त्यात इस्ट्रोजेनला आवर घालणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचं या पेशी फारसं ऐकत नाहीत.

प्रोस्टेट कॅन्सरसाठी दीर्घकाळ इस्ट्रोजेन घेतलेल्या मोजक्या पुरुषांमध्येही हा आजार नोंदला गेला आहे. त्यांना ना गर्भाशय, ना पाळी. सॅम्पसन यांच्या सिद्धांतात हे बसत नाही. अशा वेळी मायर यांची आठवण होते.

अलीकडचं काम जनुकांकडे वळलं आहे. २०१७ मध्ये, कॅन्सर नसलेल्या खोलवरच्या गाठींमध्येही एरवी कॅन्सरशी जोडले जाणारे जनुकबदल सापडले. २०२३ मध्ये ६० हजारांहून अधिक रुग्णांच्या डीएनएमधून आजाराशी निगडित ४२ जागा पुढे आल्या, आणि त्यांतल्या काहींचा संबंध मायग्रेन व पाठदुखीशीही जुळतो. दुर्बिणीतून चार बारीक ठिपके दिसावेत आणि बाई मात्र कळांनी वाकून जावी, असं या आजारात पुष्कळदा होतं. त्याचा धागा आता गाठीच्या आकारात नाही, तर वेदनेच्या जनुकांत शोधला जातो आहे.