प्रोग्रॅम हँग झाला? बंद करण्याआधी डंप घ्या

अडकलेल्या प्रोग्रॅमचं दुखणं आम्ही शोधून देतो. ग्राहकाचा फोन बहुतेक असाच येतो. "साहेब, परत हँग झालं होतं. रिस्टार्ट मारला, आता चालू आहे. जरा बघता का काय झालं होतं ते?"

आता काय बघणार? कोणता थ्रेड (प्रोग्रॅममधलं एकेक समांतर काम) कुठल्या ओळीवर थांबलाय, कुठलं लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारी कडी) कोणाच्या हातात आहे, हा सगळा पुरावा अडकलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीत असतो आणि रिस्टार्टबरोबर पुसला जातो. उरते लॉग फाइल. पण अडकलेला थ्रेड लॉग लिहीत नाही, त्यामुळे तिच्यात हँग होण्याआधीचंच सगळं असतं. क्रॅश होणारा प्रोग्रॅम, तशी सोय केलेली असेल तर, जाता जाता डंप, म्हणजे मेमरीची फाइलमधली नक्कल, टाकून जातो. हँग झालेला नुसता बसून राहतो. त्याचा डंप आपणच घ्यावा लागतो.

विंडोजवर टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये प्रोसेसवर राइट क्लिक करून डंप फाइल बनवायचा पर्याय निवडा. प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल तर नेहमीचा टास्क मॅनेजर नको, 'सिसवॉव६४' फोल्डरमधला उघडा. नाहीतर तो डंप सरळ करण्यातच आमचा वेळ जातो. लिनक्सवर डंप घेणारी 'जीकोर' कमांड चालवा, किंवा जीडीबी हा डीबगर जोडून 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी', म्हणजे प्रत्येक थ्रेड कुठे आहे ते दिसतं. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधलं 'सॅम्पल' पुरतं. कमांड जशाच्या तशा टाइप करता याव्यात म्हणून इंग्रजी कागद वेगळा जोडला आहे. तो फाइलला लावू नका, ऑपरेटरच्या समोर भिंतीवर चिकटवा.

जमलं तर दहा सेकंदांच्या अंतराने दोन डंप घ्या. दोन्हींत थ्रेड त्याच जागी दिसले तर खरोखर अडकलाय. जागा बदलत असतील तर तो नुसता संथ आहे किंवा लूपमध्ये फिरतोय, ते दुखणं वेगळं. सीपीयू किती दाखवतोय तेही लिहून ठेवा. शून्याजवळ असेल तर लॉकची शंका, एक कोअर पूर्ण भरला असेल तर बहुधा लूप.

सोबत त्याच बिल्डच्या पीडीबी फाइल (डंपमधल्या पत्त्यांना फंक्शनची नावं आणि ओळी जोडणाऱ्या) हव्यात, लिनक्सवर स्ट्रिप न केलेली, म्हणजे ही माहिती न काढलेली, बायनरी. "कोड तोच आहे, आज परत कंपाइल करून दिलाय" हे चालत नाही.

दुसरा नेहमीचा प्रश्न: "विंडोजवर इतकी वर्षं चाललं, लिनक्सवरच कसं अडकतं?"

एका ग्राहकाचा साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा सी++ प्रोग्रॅम होता. लिनक्सवर नेताना क्रिटिकल सेक्शनच्या (विंडोजचं लॉक) जागी साधा म्यूटेक्स (लिनक्सचं लॉक) बसवला होता. ऐन हंगामात काटा मधूनच हँग व्हायचा आणि उसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत खोळंबायच्या. प्रिंटर बदलून झाला, केबल बदलून झाली. शेवटी एकदाचा डंप मिळाला. लिनक्सवर म्यूटेक्सच्या आतच मालकाचा, म्हणजे लॉक धरलेल्या थ्रेडचा, क्रमांक लिहिलेला असतो. थांबलेला थ्रेड ५२१७, आणि तो ज्याची वाट बघत होता तो मालकही ५२१७. स्वतःच्याच घराला आतून कडी लावून बाहेर उभं राहिल्यासारखं.

झालं होतं ते असं. वजन नोंदवणारं फंक्शन लॉक घेऊन पावती छापायचं. प्रिंटरमधला कागद संपला तरच चूक नोंदवणारं फंक्शन चालायचं, आणि ते तेच लॉक पुन्हा मागायचं. विंडोजचं क्रिटिकल सेक्शन त्याच थ्रेडला पुन्हा आत घेतं, फक्त मोजत राहतं. जितक्या वेळा घेतलं तितक्या वेळा सोडायचं. लिनक्सचा साधा म्यूटेक्स असं करत नाही. ऑपरेटर कागद भरायचा, रिस्टार्ट मारायचा, चालू व्हायचं. म्हणून सगळ्यांचं बोट प्रिंटरकडे.

"मग सगळी लॉक रिकर्सिव्ह करून टाका की!" रिकर्सिव्ह म्हणजे त्याच थ्रेडला पुन्हा आत घेणारी. तशी करता येतात, दहा मिनिटांचं काम आहे. आम्ही शक्यतो करत नाही. अर्धवट बदललेला डेटा कोणी बघू नये म्हणून तर लॉक असतं. तोच थ्रेड मागच्या दाराने पुन्हा आत शिरला तर त्याला स्वतःचंच अर्धवट काम दिसतं: पावती क्रमांक वाढलेला, वजन अजून मागच्या गाडीचं. हँग निदान दिसतो तरी. चुकीची पावती शेतकऱ्याच्या खिशात जाते. शिवाय दोनदा घेतलेलं लॉक धरून कंडिशन व्हेरिएबलवर (दुसऱ्या थ्रेडच्या इशाऱ्याची वाट बघण्याची सोय) थांबलात तर ते एकदाच सुटतं, आणि दुसरा थ्रेड ताटकळतो. आम्ही फंक्शनचे दोन भाग करतो: बाहेरचं लॉक घेतं, आतलं लॉक आधीच घेतलंय असं धरून चालतं. याला अर्धा दिवस जास्त लागतो. तो बिलात दिसतो आणि त्यावरून आमच्याशी बोलणंही होतं, म्हणून इथे लिहिलं.

लॉकला टाइमआउट लावून, म्हणजे ठराविक वेळ वाट बघून लॉक न मिळताच, पुढे जाणं हे तर त्याहून वाईट.

दोन थ्रेडनी दोन लॉक उलटसुलट क्रमाने घेऊन एकमेकांची वाट बघत बसणं, हा डेडलॉक मात्र ऑफिसातल्या टेस्टिंगमध्ये सहसा सापडत नाही. वेळ नेमकी जुळावी लागते. पण लॉक घेण्याचे क्रम टिपून ठेवले तर प्रत्यक्ष न अडकताही धोका कळतो. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) 'लॉकडेप' ही तपासणी २००६ पासून हेच करते. तुमच्या कोडसाठी थ्रेड सॅनिटायझर आणि हेलग्राइंड ही तपासणीची टूल्स आहेत, फुकट. सॅनिटायझरखाली प्रोग्रॅम ५ ते १५ पट संथ होतो आणि विंडोजवर तो चालत नाही. म्हणून माल फक्त विंडोजवर विकत असाल तरी सामाईक कोड लिनक्सवर एकदा त्याखालून काढा.

तिन्ही प्लॅटफॉर्मवर एकच तपासणी हवी असेल तर आमचं छोटं लॉक-रॅपर आहे. डीबग बिल्डमध्ये तेच लॉक दुसऱ्यांदा घेतलं किंवा क्रम उलटला की दोन्ही जागांची फाइल आणि ओळ तिथल्या तिथे दाखवतं. एएमसी (वार्षिक देखभाल करार) असलेल्यांना त्याचे वेगळे पैसे नाहीत. जो रस्ता चाललाच नाही तो मात्र त्यालाही दिसत नाही, तेव्हा टेस्ट करताना प्रिंटरमधला कागद काढून बघा.

नव्या ग्राहकाचा पहिला डंप आम्ही फुकट वाचतो. फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, आमच्या अपलोड लिंकवरच पाठवा. त्यात प्रोग्रॅमची मेमरी असते, म्हणजे तुमच्या डेटाबेसचा पासवर्डही असू शकतो.