हवा-इंधन मिश्रणातील बिघाड : निदान व दुरुस्ती

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे प्रमाण बिघडल्याने होणारे दोष, ते ओळखण्याच्या पद्धती व त्यांवरील उपाय. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते; इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला त्याहून थोडी कमी पुरते. प्रत्यक्ष प्रमाणाला या आदर्श प्रमाणाने भागले की लॅम्डा मिळतो. लॅम्डा १ पेक्षा कमी असेल तर मिश्रण रिच (इंधन जास्त), जास्त असेल तर लीन (हवा जास्त).

रिच मिश्रणात सायलेन्सरमधून काळा धूर येतो, पेट्रोलचा वास मारतो, मायलेज पडते आणि प्लगवर कोरडी काजळी धरते. लीन मिश्रणात आयडलिंगला इंजिन थरथरते, पिकअप घेताना गाडी गचके खाते आणि प्लगचे टोक पांढरे पडते. फिकट तपकिरी प्लग हे मिश्रण ठीक असल्याचे लक्षण.

कार्ब्युरेटरच्या गाड्यांत मिश्रण स्क्रू, जेट आणि फ्लोटची पातळी यांवरून जमवले जाई. इंजेक्शनच्या गाडीत हे काम ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) करतो, तेही एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या साक्षीवरून. हा सेन्सर फक्त उरलेला ऑक्सिजन पाहतो, पेट्रोल पाहत नाही. त्यामुळे एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल (त्यातले मिश्रण पेटत नसेल), तर न जळलेले पेट्रोल बाहेर पडत असतानाही ‘लीन’ असाच निरोप जातो. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट गळत असेल तरी तेच होते. स्कॅनरवर पी०१७१ (लीन) किंवा पी०१७२ (रिच) हा दोष-कोड दिसताच सेन्सर बदलणे ही म्हणूनच सर्वांत सर्रास होणारी चूक. बरेचदा सेन्सर खरेच सांगत असतो.

खरी माहिती फ्युएल ट्रिममधून मिळते. ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के इंधन वाढवतो (+) वा कमी करतो (−), ते स्कॅनरवर दिसते. शून्याच्या आसपास थोडे मागेपुढे चालते. सतत १० टक्क्यांपलीकडे राहिले तर कारण शोधावे. समजा, आयडलिंगला ट्रिम +२२ आहे आणि २५०० आरपीएमला +४ वर येतो. म्हणजे इनटेकमध्ये कुठेतरी हवा शिरते आहे : थ्रॉटल मिटलेला असताना ही चोरटी हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा असते, रेस दिल्यावर ती नगण्य ठरते. उलट लोड वाढेल तसा ट्रिम वाढत गेला, तर फ्युएल पंप, तुंबलेला फिल्टर किंवा मळलेला एअर-फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) संशयित. अर्थात, हा ताळा एअर-फ्लो सेन्सरच्या गाड्यांचा. ज्या गाड्या त्याऐवजी इनटेक मॅनिफोल्डचा (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब मोजतात, त्यांत अशी गळती अनेकदा नुसती आयडल स्पीड वाढवते.

गळती धुराच्या यंत्राने (इनटेकमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहून) शोधणे उत्तम. तापलेल्या इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून पाहण्याची पद्धत रूढ आहे, पण आग लागू शकते. तडकलेला व्हॅक्यूम पाइप किंवा गॅस्केट बदलले की काम होते. एअर-फ्लो सेन्सर त्याच्यासाठीच्या क्लीनरने धुवावा. त्याच्या तारेला बोट वा कापूस लावू नये.

रिचची कारणे वेगळी : गळका इंजेक्टर, जास्त फ्युएल प्रेशर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा). कूलंटचा तापमान सेन्सर इंजिन कायम थंड दाखवत असेल, तर ईसीयू जास्तीचे पेट्रोल देत राहतो. तो तपासणे सोपे आहे. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी कूलंट आणि आत येणारी हवा यांचे आकडे जवळपास सारखे असावेत. फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ऑइलमध्ये पेट्रोल उतरते व त्याची वाफ पुन्हा इनटेकमध्ये जाते. तिथे नुसते ऑइल बदलूनही ट्रिम जागेवर येतो. रिच मिश्रण अंगावर काढले, विशेषतः मिसिंगसह, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) तापून वितळू शकतो.

दुरुस्तीनंतर ईसीयूने शिकून स्मृतीत ठेवलेला लाँग-टर्म (दीर्घकालीन) ट्रिम स्कॅनरने पुसावा. गळती बंद झाली तरी जुना +२२ कायम असेल, तर तीच गाडी काही काळ रिच चालते आणि कामच चुकले असे वाटू लागते.