गुग्गा नावाचा कारागीर आणि चंब्याचा डोंगर

हिमाचलमधल्या चंबा शहरापासून साठेक किलोमीटर आत, रावीच्या खोऱ्यात सुमारे 7,000 फुटांवर भरमौर आहे. आज छोटंसं गाव वाटतं, पण हीच जुनी राजधानी, तेव्हाचं नाव ब्रह्मपूर. दहाव्या शतकात राजा साहिल वर्मनने राजधानी खाली चंब्याला नेली. त्याआधीच्या काळात लिहिलेली पोथी नाही, बखर नाही, मग कळणार कसं? तर मूर्तींवरून.

भरमौरला लक्षणा देवीचं लाकडी देऊळ आहे, आत धातूची महिषासुरमर्दिनी. उंची जेमतेम सव्वातीन फूट. उजवा पाय रेड्याच्या डोक्यावर, आणि शेपटीला धरून देवीने त्याचं मागचं अंग वर उचललंय. इतकं हिंसक दृश्य, पण चेहरा एकदम शांत! खाली बैठकीवर लेख कोरलाय: आदित्यवर्मनचा पणतू, बलवर्मनचा नातू, दिवाकरवर्मनचा मुलगा मेरुवर्मन, त्याने ही मूर्ती गुग्गा नावाच्या कारागिराकडून करवून घेतली. म्हणजे राजघराण्याच्या चार पिढ्या आणि एका कारागिराचं नाव, सगळं एका बैठकीवर. आपल्याकडे केवढी लेणी, केवढी देवळं, पण घडवणाऱ्यांची नावं किती कमी माहीत आहेत, म्हणून मला हा गुग्गा फार मोलाचा वाटतो. चंबा भागातल्याच छत्राडी गावच्या शक्तिदेवीच्या मूर्तीवरही त्याचं नाव आहे आणि तिथल्या लेखात राजाने शत्रूंना हरवल्याचा उल्लेख येतो. लेखात साल नाही. मग अक्षरांची वळणं बघायची, म्हणजे कुठलं अक्षर कोणत्या काळात कसं काढायचे ते इतर लेखांशी ताडून पाहायचं, आणि त्यावरून काळ निघतो साधारण सातव्या-आठव्या शतकाचा.

आता ओतकामाकडे बघू. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचे थर, मग भट्टीत मेण वितळून बाहेर आणि त्या पोकळीत धातू. मूर्ती काढायला साचा फोडावाच लागतो, त्यामुळे प्रत्येक मूर्ती एकुलती एक. एवढं काम जमायला तांबं हवं, इंधन हवं आणि हाताखाली शिकलेली माणसं हवीत. शैलीत मैदानातली गुप्तकालीन धाटणी स्पष्ट दिसते, म्हणजे हा डोंगर जगापासून तुटलेला नव्हता, घाटवाटांनी कला वर येत होती.

लोक अशा मूर्तींना सरसकट अष्टधातूच्या म्हणतात, पण काश्मीरकडच्या तपासलेल्या बऱ्याच जुन्या मूर्ती पितळेच्या निघाल्यात, आणि पितळ ही गंमतशीर चीज आहे. तांबं 1085 अंश सेल्सियसला वितळतं, जस्त मात्र 907 लाच उकळून वाफ होऊन उडून जातं. म्हणून जुने कारागीर बंद मुशीत तांबं, कोळसा आणि जस्ताचं खनिज एकत्र तापवायचे, वाफ तांब्यात मुरायची. या पद्धतीने जस्त साधारण 28 टक्क्यांपर्यंतच जातं, त्यामुळे खूप जुनी म्हणून सांगितलेल्या मूर्तीत ते 35 टक्के सापडलं तर अभ्यासकांच्या भुवया उंचावणारच. हल्ली क्ष-किरणांनी मूर्तीला ओरखडाही न पाडता हे तपासता येतं.

चंब्याच्या डोंगराळ मुलखात झऱ्यांच्या तोंडाशी कोरीव शिळा उभ्या आहेत, मधल्या भोकातून पाणी येतं, वर वरुण, शेषशायी विष्णू. राणांनी, म्हणजे स्थानिक सरदारांनी, मेलेल्या माणसांच्या पुण्यासाठी त्या बसवल्या. आपल्याकडच्या वीरगळांची आठवण होते, फक्त इथे आठवण पाण्याला जोडलीय! कोरीव काम बरंचसं रांगडं, गुग्गाच्या हाताची सफाई त्यात नाही. मला यातच खरा इतिहास दिसतो, दरबाराची कला वेगळी आणि वाडीवस्तीची वेगळी, दोन्ही एकाच डोंगरात.

भरमौर आणि छत्राडीच्या त्या मूर्ती आजही पुजेत आहेत. देवी बहुतेक वेळा वस्त्रांत झाकलेली असते, चेहरा तेवढा दिसतो, आणि गुग्गाचं नाव खाली पायाशी.