‘व्यवहार ठरला’ म्हणजे बोलणी की तोंडी करार?

हवेली तालुक्यातल्या एखाद्या प्लॉटसाठी दोन घरची माणसे बसतात, गुंठ्याचा भाव ठरतो, पेढे येतात आणि ‘व्यवहार ठरला’ असे नातलगांना कळवले जाते. पुढे मालकाने शब्द फिरवला की खरेदीदार पुण्यात शिवाजीनगरच्या न्यायालयात दिवाणी दावा लावतो, आणि मग त्या बैठकीत नुसती बोलणी झाली होती की करार झाला होता, यावरच सारे अडते.

दोन्ही गोष्टी तोंडी असल्यामुळे गल्लत होते. भारतीय करार कायदा, १८७२ मिळकत विकण्याचा तोंडी करार अवैध मानत नाही, त्यामुळे ‘कागद नाही म्हणजे काहीच नाही’ हा पारावरचा सल्ला चुकीचा आहे. मात्र कोणती मिळकत, किती किंमत, पैसे केव्हा आणि कसे द्यायचे, यांवर दोघांचे एकमत झालेले असले पाहिजे. ‘मोजणी झाली की क्षेत्र बघू’, ‘थोरल्याला विचारून सांगतो’ अशी एखादी मुख्य गाठ सुटी राहिली असेल, तर कितीही पेढे वाटले तरी ती बोलणीच राहते.

खरी अडचण ‘साठेखत (विक्रीचा लेखी करार) नंतर करू’ या वाक्याची आहे. ठरलेलेच पुढे कागदावर उतरवायचे होते, की कागद होईपर्यंत कोणीच बांधील नव्हते, असे त्याचे दोन अर्थ निघतात, आणि मालकाचा वकील अर्थातच दुसरा धरतो. ब्रिज मोहन विरुद्ध सुग्रा बेगम (१९९०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, केवळ तोंडी कराराच्या आधारे विशिष्ट पूर्तता, म्हणजे ठरलेला करार प्रत्यक्ष पाळायला लावणारा आदेश, मागणाऱ्या वादीवर पूर्ण झालेला करार सिद्ध करण्याची जड जबाबदारी असते, आणि तसा करार झाला की नाही हे प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवरून ठरते.

म्हणून बैठकीची तारीख, जागा, हजर माणसे आणि ठरलेल्या अटी दाव्यातच स्पष्ट लिहाव्यात, कारण त्या उलटतपासात प्रथमच बाहेर आल्या तर बनाव वाटतात. इसार चेकने दिला असला तरी त्यातून पैसे दिल्याचे दिसते, कशासाठी दिले ते दिसत नाही. ‘ते हातउसने होते’ हा बचाव ठरलेलाच असतो. त्यानंतर मालकाने सातबारा पाठवला, वकिलाकडे शोध अहवालासाठी (मालकी हक्काच्या तपासणीसाठी) कागद दिले, उरलेल्या रकमेची तारीख विचारली, असे वागणे साक्षीदाराच्या आठवणीपेक्षा जास्त बोलते. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. शिवाय आपण पैसे घेऊन तयार होतो, हेही वादीलाच सिद्ध करावे लागते.

करार सिद्ध झाला म्हणून मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. ताबा घेतलेला असला तरी तो टिकवण्यासाठी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३अ ने मिळणारे संरक्षण तोंडी कराराला नाही.

दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. खरेदीखताची तारीख ठरली असेल तर ती त्या दिवसापासून, नसेल तर मालकाने नकार दिल्याचे खरेदीदाराला कळले तेव्हापासून मोजतात. म्हणून ‘आता विकायचे नाही’ हा मालकाचा मेसेज रागाच्या भरात पुसून टाकू नये.