पार्श्वभूमी : निस्तार, सवलत आणि हक्क

सामूहिक वनहक्कांची चर्चा नागपुरात बहुधा २००६ च्या वनहक्क कायद्यापासून सुरू होते. पण या प्रश्नाचे मूळ ‘निस्तार’ या जुन्या महसुली शब्दात आहे. चुलीसाठी सरपण, घरासाठी बल्ल्या, कुंपणाला काट्या, नांगर-वखराला लाकूड आणि गुरांना चराई या गावाच्या गरजा जंगलातून भागवणे म्हणजे निस्तार. नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत १८६१ मध्ये स्थापन झाला आणि पुढे १८६५ व १८७८ च्या वन कायद्यांनी जंगलावर सरकारी मालकी बसवली. गावकऱ्यांचा जंगलात वावर थांबला नाही, तो थांबणे शक्यही नव्हते. मात्र पूर्वापार वहिवाट होती ती सरकारच्या मर्जीतली सवलत ठरली.

मालगुजार व जमीनदारांकडची जंगले तत्कालीन मध्य प्रदेशाने १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने सरकारजमा केली. विदर्भ महाराष्ट्रात आल्यानंतर १९६६ च्या जमीन महसूल संहितेने ‘निस्तार पत्रक’, म्हणजे गावाच्या निस्ताराची व्यवस्था लावून देणारा कागद, कायम ठेवले. पत्रकाचा मसुदा गावात प्रसिद्ध करून रहिवाशांचे म्हणणे ऐकावे, अशी त्यात तरतूद आहे. पत्रक करायचे ते मात्र जिल्हाधिकाऱ्यांनी.

२००६ च्या, पण डिसेंबर २००७ अखेर अमलात आलेल्या वनहक्क कायद्याने निस्ताराला, तो शब्द जसाच्या तसा वापरून, हक्कांच्या यादीत घेतले. आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली या कायद्याच्या उद्देशिकेतच आहे. खरी झुंज झाली ती बांबूवरून. १९२७ च्या वन कायद्याच्या व्याख्येत बांबू हे झाड होते (२०१७ च्या दुरुस्तीपर्यंत), तर नव्या कायद्यात तेच गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारे जंगलाचे उत्पन्न. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागे आणि परवाना-पुस्तक वन खात्याच्या हाती. हक्क कागदावर आणि माल जंगलातच, अशी ही अवस्था होती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन ते पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. परवाना फाडून देण्याचा अधिकार त्या दिवसापासून ग्रामसभेकडे आला.