एएन-१२ विमान अपघात, लाहौल (१९६८)

भारतीय हवाई दलाचे एएन-१२ जातीचे मालवाहू विमान (क्रमांक बीएल-५३४) ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंडीगडहून लेहला निघाले आणि हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या डोंगरांत नाहीसे झाले. विमानात १०२ जण होते. त्यांतले बहुतेक जवान होते, लडाखमधल्या आपापल्या ठाण्यांवर हजर व्हायला निघालेले. पुढची पस्तीस वर्षे विमानाचा मागमूस लागला नाही. २००३ साली गिर्यारोहकांना ढाका हिमनदीवर अवशेष आणि एका जवानाचा मृतदेह दिसला, तेव्हा विमान कुठे पडले ते कळले.

हिवाळ्यात झोजी ला खिंड बर्फाने बंद झाली की लडाखला जाणारा रस्ताच उरत नसे. रजा संपलेल्या जवानाला ठाण्यावर पोचायचे तर हवाई दलाच्या विमानाखेरीज वाट नव्हती. एएन-१२ हे चार टर्बोप्रॉप (पंखे फिरवणाऱ्या जेट) इंजिनांचे सोव्हिएत बनावटीचे विमान १९६१ पासून या कामावर होते. १९६२ च्या युद्धात लडाखमधल्या चुशूलला रणगाडे उतरवले ते याच विमानांनी. मात्र ते मुळात माल वाहण्यासाठी घडवलेले. आत हवेचा दाब राखण्याची सोय पुढच्या भागापुरती होती, मालाच्या मोठ्या कक्षात नव्हती. माणसे याच कक्षात बसत आणि विरळ, गोठवणाऱ्या हवेत हिमालय ओलांडत.

लेहजवळ पोचल्यावर हवामान बिघडलेले आढळले आणि वैमानिकाने मागे फिरण्याचा निर्णय घेतला. निर्णय रीतसर होता. लेहची धावपट्टी सुमारे ३,२५० मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर. ढगांत तिथे उतरण्याचा प्रयत्न करणे म्हणजे जीव पणाला लावणेच. पण परतीच्या वाटेवरही तेच डोंगर आणि तेच हवामान होते. रोहतांगच्या परिसरात असताना विमानाशी शेवटचा संपर्क झाला.

डोंगरी मुलखात उडणाऱ्या जड विमानापुढची अडचण इथे सांगायला हवी. जोराचा वारा कड्यावर आदळून वर चढतो आणि पलीकडच्या बाजूला तितक्याच जोराने खाली कोसळतो. त्या उतरत्या हवेत सापडलेल्या विमानाला इंजिनांची पूर्ण ताकद लावूनही कधी कधी उंची राखता येत नाही. विरळ हवेत इंजिनांची ताकद आधीच घटलेली असते आणि वळायला लागणारी जागा मात्र वाढलेली. त्यात ढगांनी शिखरे झाकली की डोंगर दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

अवशेष सापडले तो भाग चंद्रा आणि भागा या नद्यांच्या मधल्या डोंगरपट्ट्यात, चंद्रभागा-१३ या शिखराच्या बाजूला आहे. इतके मोठे विमान इतकी वर्षे लपून कसे राहिले, याचे उत्तर हिमनदीच्या स्वभावात आहे. तिच्या वरच्या भागात दर हिवाळ्यात पडणारे हिम उन्हाळ्यात पुरते वितळत नाही; थरावर थर चढतो, दबतो, त्याचा बर्फ होतो. तिथे पडलेली वस्तू दरवर्षी आणखी खोल जाते. बर्फ स्वतःच्या भाराने उताराकडे सरकत असतो, त्यामुळे गाडलेली वस्तूही त्याच्याबरोबर प्रवास करते. खालच्या भागात वितळण्याचे प्रमाण जास्त, म्हणून तिथे ती पुन्हा उघडी पडते. या प्रवासात धातूचे पत्रे पिळवटतात, एका विमानाचे तुकडे दूरदूर विखुरतात. थंडीत देह मात्र टिकून राहतो.

तो किती टिकतो हे २०२४ मध्ये दिसले. लष्कराचे डोग्रा स्काउट्स आणि तिरंगा माउंटन रेस्क्यू ही डोंगरी बचाव संस्था यांच्या पथकाला सप्टेंबरअखेर चार मृतदेह मिळाले. त्यांतल्या एकाची ओळख पटली ती जवळ असलेल्या पेबुकवरून. पेबुक म्हणजे जवानाच्या पगाराची, रजेची नोंद असलेली छोटी वही. छप्पन्न वर्षे बर्फात राहून कागदावरचे नाव वाचता आले, आणि एका घराला आपला माणूस परत मिळाला. ज्यांच्या घरी १९६८ पासून फक्त ‘बेपत्ता’ हा शब्द होता, त्यांच्यासाठी याचे मोल शब्दांत मावणारे नाही. त्याआधी पाच मृतदेह हाती आले होते. २०२४ च्या मोहिमेनंतर संख्या नऊ झाली. २०१९ मध्ये लष्कर आणि हवाई दलाने मिळून इंजिन, पंख्याची पाती, सांगाड्याचे भाग आणि कॉकपिटचे दार खाली आणले होते. हे काम ५,००० मीटरच्या आसपास, भेगांनी चिरलेल्या बर्फावर चालते; जिथे पाऊल टाकायला दोर बांधावा लागतो तिथून देह खांद्यावरून उतरवावे लागतात.

अलास्कातही असेच घडले आहे. अमेरिकी हवाई दलाचे सी-१२४ ग्लोबमास्टर २२ नोव्हेंबर १९५२ रोजी ५२ जणांसह माउंट गॅनेटवर आदळले. काही दिवसांतच अवशेष दिसले, पण बर्फाने ते झाकून टाकले. २०१२ मध्ये ते कॉलनी हिमनदीवर, आदळल्या जागेपासून कित्येक किलोमीटर खाली वर आले. तेव्हापासून तिथे उन्हाळ्यात शोधपथके जात राहिली आणि बहुतेकांची ओळख पटली.

लाहौलमध्ये शोधाला जुलै ते ऑक्टोबरचा आरंभ एवढाच काळ मिळतो. आदल्या हिवाळ्याचे हिम ओसरल्यावर आणि नवे पडण्याआधी जे उघडे दिसेल तेवढेच हाती लागते. बाकीचे त्र्याण्णव जण अजून हिमनदीतच आहेत.