सामायिक पोलीस हेलिकॉप्टर: नेमकं कोणाकोणात सामायिक?

इंग्लंडच्या पोलीस हेलिकॉप्टरचा विषय निघाला की कुणीतरी हटकून म्हणतं, "ते ॲम्ब्युलन्सवाल्यांबरोबर वाटून घेतात ना?" वाटून घेतात हे खरं. पण कोण कोणाशी वाटून घेतं, यात दोन निराळ्या व्यवस्थांची सरमिसळ होते आणि ती मला फार खटकते.

पहिली विल्टशर या इंग्लंडमधल्या परगण्याची. १९९० ते २०१४ तिथे एकच हेलिकॉप्टर पोलिसांचंही होतं आणि ॲम्ब्युलन्सचंही. पायलट, पोलीस ऑब्झर्व्हर (वरून टेहळणी करणारा पोलीस) आणि पॅरामेडिक एकत्र उडत. चोर शोधायचा कॅमेरा आणि जखमीचं स्ट्रेचर एकाच यंत्रात. हे चटकन कळतं.

गोंधळ होतो तो दुसरीबद्दल, नॅशनल पोलीस एअर सर्व्हिस म्हणजे 'एनपॅस'बद्दल. ऑक्टोबर २०१२ला ती सुरू झाली. इथे रुग्णाचा संबंधच नाही. वाटेकरी सगळे पोलीसच, इंग्लंड-वेल्समधली ४३ प्रादेशिक दलं. आणि 'नॅशनल' शब्दावर जाऊ नका. हे केंद्राचं वेगळं पोलीस दल नव्हे. दलांनी आपसांत करार केला आणि कारभार एका दलाकडे, वेस्ट यॉर्कशरकडे, सोपवला. गावाची पाणीयोजना असावी आणि मोटार एकाच घराने सांभाळावी, तसं.

म्हणून इथला वादही निराळा. विल्टशरमध्ये प्रश्न असा की आधी रुग्ण की आधी चोर? एनपॅसमध्ये प्रश्न असा की आधी कुणाचा चोर? रात्री दोन वाजता शेतात हरवलेलं मूल शोधायचं असेल तर स्थानिक दल मध्यवर्ती कक्षाकडे मागणी करतं. तिथे जिवाचा धोका आणि अंतर तोलून हेलिकॉप्टर पाठवतात, परगण्याची हद्द बघत नाहीत. हद्द पुसली हे उत्तमच झालं. पण हेलिकॉप्टरचे तळ कमी केल्यामुळे लांबच्या दलांना ताटकळावं लागतं. २०१७मध्ये पोलीस दलांची तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेने याच उशिरावर आणि खर्चाच्या विषम वाटणीवर बोट ठेवलं. माझ्या मते सामायिक सेवेची खरी परीक्षा तिथेच आहे. पैसे सगळ्यांनी भरायचे आणि तळ मात्र एखाद्याच्याच उशाशी, असं किती दिवस चालणार?

स्कॉटलंड या करारात नाही. पोलीस स्कॉटलंडचं हेलिकॉप्टर वेगळं आहे. विल्टशरची भागीदारी २०१४ला संपली. आज तिथली एअर ॲम्ब्युलन्स देणग्यांवर चालते, स्वतंत्र हेलिकॉप्टरने, आणि त्यात पोलीस ऑब्झर्व्हर बसत नाही.